सहा ऑगस्ट: खोलीत विश्रांती

परदेशी सरकारशी खोटं बोलू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्या सरकारशी बोलावं असं मी म्हणत नाही, पण तिथे निदान ओळखीचं कोणीतरी निघतं. परदेशात आपली बाजू घेणारा फक्त कागद असतो, आणि तो कागद चोख असावा लागतो. मी सिंगापूरला, हार्बरफ्रंटच्या एका जहाज कंपनीत कंप्लायन्स मॅनेजर आहे. म्हणजे इतरांनी नियम पाळले की नाही हे बघण्याचा मला पगार मिळतो, आणि स्वतः पाळण्याची सवय त्यावर फुकट लागली आहे.

हे आधी सांगितलं, कारण पुढे जे घडलं त्यात लोकांनी मला वेड्यात काढलं. लोकांमध्ये माझी मुलगी पहिली.

एप्रिलमधल्या एका रविवारी नीताने, म्हणजे माझ्या बायकोने, चहाच्या वेळी माझ्यासमोर फोन धरला. फोनवर उत्तर जपानातल्या आओमोरी नावाच्या शहरातली मिरवणूक चालली होती. घराएवढा कागदी योद्धा, आतून दिवे लावलेला, डोळे वटारून गाड्यावरून येत होता. मागे मोठमोठे ढोल, आणि मध्ये फुलांच्या टोप्या घातलेले शेकडो लोक एकदा या पायावर, एकदा त्या पायावर उड्या मारत होते. त्यांच्या अंगभर घुंगरं होती.

"नेबुता म्हणतात," नीता म्हणाली. "तो पोशाख घातला की कोणीही आत शिरून नाचू शकतं. नाव नोंदवायला नको, काही नको. सहा ऑगस्टला शेवटची मोठी मिरवणूक आहे."

सहा ऑगस्टला नीताचा पन्नासावा वाढदिवस होता.

नीताचं माहेर पुण्याचं, कुमठेकर रस्त्यावर, दुसरा मजला. दरवर्षी विसर्जनाची मिरवणूक गॅलरीखालून जायची. शाळेत ही लेझीम पथकाची कॅप्टन, पण मिरवणुकीत उतरायचं म्हटलं की वडील नुसते चष्म्यावरून बघायचे. लग्नानंतर चष्मा माझ्या आईचा होता. सिंगापूरला आल्यावर चष्मा कुणाचाच उरला नाही, पण रस्ताही उरला नाही. आमच्या गणपतीला हॉल असतो आणि तो पाच वाजता झाडून परत द्यायचा असतो. बावीस वर्षांच्या संसारात नीताने माझ्याकडे स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नाही. म्हणून मी लगेच "जाऊ या" म्हटलं आणि लॅपटॉप उघडला. चूक हो म्हणण्यात नव्हती. लॅपटॉप उघडण्यात होती.

क्वीन्सटाउनच्या आमच्या ब्लॉकमध्ये, आमच्यापासून तिसऱ्या दारात निशिकांत राहतात. ते ऑफिसच्या कामासाठी दोनदा जपानला जाऊन आले आहेत, त्यामुळे जपानबद्दल जपान्यांनीही त्यांनाच विचारावं असं त्यांना वाटतं. शिवाय त्यांनी इथलं नागरिकत्व घेतलं आहे; आम्ही अजून पीआरवर, म्हणजे इथे कायम राहण्याच्या परवान्यावर आहोत.

"आम्हाला व्हिसा लागत नाही हो," ते बसता बसता म्हणाले. "पण तुमचं तसं नाही. तुम्हाला रोजचं वेळापत्रक द्यावं लागेल. कुठल्या दिवशी कुठे, काय बघणार, कुठे राहणार. आणि चारुदत्त, आओमोरीत आता खोली मिळायची नाही. तुम्ही समुद्रापलीकडे हाकोदातेला राहा. तिथून समुद्राखालून गाडी आहे, तासाभरात आओमोरी."

हाकोदाते मला एकदम पटलं. जपानने परदेशी जहाजांना पहिल्यांदा दारं उघडली तेव्हाच्या बंदरांपैकी हे एक. म्हणजे माझ्याच धंद्यातलं गाव. निशिकांतांनी स्वतःचं जुनं एक्सेल पाठवलं. पहिल्या दिवसाची तारीख घातली की पुढच्या तारखा आपोआप पडत होत्या. तीनला पोचायचं, चार-पाच हाकोदाते, सहाला आओमोरी. इतकं सुंदर वेळापत्रक मी कंपनीतही पाहिलं नव्हतं.

त्यांच्या पत्नी मीनलवहिनींनी दुसरी आघाडी उघडली. "नीता, अगं, तिथे पाण्यातसुद्धा मासा असतो. तू शाकाहारी, उपाशी मरशील." त्यांनी दिलेल्या यादीप्रमाणे पोहे, मेतकूट, भाजणी आणि लिंबाचं लोणचं असा ऐवज जमू लागला. नीता सेरंगून रोडवरून शंभर घुंगरं घेऊन आली आणि घरी उड्यांचा सराव सुरू झाला. तिसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरचे अंकल कोह वर आले.

"मॅडम," त्यांनी अगदी अदबीने विचारलं, "युवर हाउस गॉट हॉर्स आह?"

सराव मग ब्लॉकच्या तळाशी, व्हॉइड डेक म्हणतात त्या मोकळ्या जागेत गेला. अंकल कोह खुर्ची घेऊन समोर बसायला लागले. आठवड्याभरात ते "लेफ्ट लेग वीक, मॅडम," असं सांगण्यापर्यंत पोचले.

इकडे मी वेळापत्रकात रंगलो होतो. फॉर्मवर 'कार्यक्रम' असा रकाना होता. लोक तिथे 'साइटसीइंग' असं लिहून मोकळे होतात. मला ते पटेना. दिवसभरात माणूस चहा पितो, ट्रामची वाट बघतो, पत्नी दुकानात शिरते. हे सरकारपासून का लपवायचं? मी पंधरा-पंधरा मिनिटांचे भाग पाडले. 'सात-दहा: चहा (स्वतःचा).' 'नऊ-चाळीस ते दहा-पंचवीस: समुद्राकडे उतरणारा रस्ता पाहणे.' एकूण नऊ पानं झाली. शेवटी निशिकांत पुन्हा आले आणि त्यांनी मान हलवली.

"यात राखीव दिवस कुठे आहेत? पाऊस आला, पोट बिघडलं, मग? दोन दिवस हातचे ठेवा."

मला माझीच लाज वाटली. आयुष्यभर मी लोकांना राखीव वेळ ठेवायला सांगत आलो आहे. मी त्याच क्षणी हाकोदातेच्या ओळींखाली आणखी दोन ओळी घातल्या. पण सरकारी कागदावर कोरा दिवस बरा दिसत नाही, म्हणून त्यांत 'हाकोदाते (उजळणी)' असं भरलं. संध्याकाळी 'खोलीत विश्रांती' टाकली. हॉटेलं त्याबरहुकूम घेतली. शेवटी आओमोरीला एक रात्र राहावं म्हटलं तर तिथे हव्या तितक्या खोल्या रिकाम्या होत्या. निशिकांतांना काही कळत नाही, असं मला तेव्हा वाटून गेलं. खरं तर तेव्हाच शंका यायला हवी होती.

व्हिसाच्या काउंटरवरच्या बाईंनी नऊ पानं बोटाने मोजली. "सर, वन पेज इनफ."

"मॅडम, आय हॅव नथिंग टू हाइड," मी म्हणालो, आणि नऊच्या नऊ पानं आत सरकवली. त्यांनी ज्या नजरेने माझ्याकडे पाहिलं ती नजर माझ्या टीममधल्या लोकांची असते. ती ओळखून मी दुखावलो.

आठवड्यात व्हिसा आला. त्या रात्री जेवण झाल्यावर मी कौतुकाने वेळापत्रक पुन्हा वाचायला घेतलं आणि सहाव्या पानावर थांबलो. दोन ओळी घातल्यामुळे खालच्या सगळ्या तारखा दोन दिवस पुढे सरकल्या होत्या. सहा ऑगस्ट: हाकोदाते (उजळणी), संध्याकाळी खोलीत विश्रांती. आओमोरी आठ तारखेला. म्हणजे कागदी योद्धे उतरवून, रस्ते धुऊन झाल्यावर.

सामान्य माणूस म्हणेल, मग सहाला जा की! सामान्य माणसाला कंप्लायन्स कळत नाही. मी सही करून एका सरकारला सांगितलं होतं की सहा तारखेला संध्याकाळी मी खोलीत विश्रांती घेत असेन. मी व्हिसा कार्यालयाला दुरुस्तीची विनंती करणारा ईमेल पाठवला. 'आपला संदेश मिळाला, आभारी आहोत' असं आपोआप उत्तर आलं. मी अजून दोन ईमेल पाठवले. त्यांनी अजून दोनदा आभार मानले.

शेवटी लिफ्टपाशी निशिकांतांना विश्वासात घेतलं. ते गंभीर झाले. "अहो, हल्ली सगळं एकमेकांना जोडलेलं असतं. तिकडे खोटी माहिती दिली म्हणून शेरा बसला, तर इकडे तुमच्या पीआरचं नूतनीकरण? आम्हाला तो प्रश्न नाही, पण तुमचं..."

त्या रात्री मला झोप लागली नाही. जपानी शेरा, मग पीआर गेला, मग नोकरी, मग आमच्या क्षिप्राची युनिव्हर्सिटी, जी ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू व्हायची होती. आणि खाली व्हॉइड डेकवर नीता रोज उड्या मारत होती. तिने वेळापत्रक एकदाही वाचलं नव्हतं. "तू बघतोस ना, मग झालं," एवढंच ती म्हणायची. मी तिला सांगायला हवं होतं. मी घाबरलो आणि सांगितलं नाही. काहीतरी होईल, असं मनाशी म्हणत राहिलो. माझ्या ऑफिसमध्ये हे वाक्य कोणी बोललं असतं तर मी त्याच्यावर मेमो काढला असता.

तीन ऑगस्टला हाकोदातेला पोचलो. तिथे बंदराचा उत्सव चालू होता आणि त्यात लोक चक्क माकुळाचा नाच करत होते. माकुळ म्हणजे स्क्विड, कोकणात बाजारात मिळतं तेच. मोठी माणसं, बँकेतली असावीत अशी, माकुळासारखे हात फिरवत रस्त्यावरून चालली होती. क्षिप्रा खाली जाऊ म्हणाली. पण वेळापत्रकात सहा ते आठ 'सामान लावणे' होतं. मी सामान लावलं. नीता खिडकीशी उभी राहून नाच बघत होती. तेव्हा ती हसत होती, कारण तिला वाटत होतं, तिची सहा तारीख यायची आहे.

पुढचे दोन दिवस आम्ही हाकोदाते कलमवार बघितलं. जुनी विटांची गोदामं, चांदणीच्या आकाराचा किल्ला, समुद्राकडे उतरणारा रस्ता. प्रत्येक ठिकाणी मी हातातलं घड्याळ दिसेल असा पुरावा-फोटो काढून घेत होतो. डोंगरावर केबल कारने गेलो तेव्हा सगळीकडे धुकं होतं. समोर क्षिप्राचा हातही दिसत नव्हता. पण 'सात ते पावणेआठ: डोंगरावरून शहराचा देखावा पाहणे' असं लिहिलेलं होतं. आम्ही पंचेचाळीस मिनिटं धुक्याकडे पाहिलं.

"बाबा, देअर इज नथिंग," क्षिप्रा म्हणाली.

"असू दे. आपण बघतोय ना!"

सहा तारखेला सकाळी नीता अंघोळ करून आली. मी तिला शुभेच्छा दिल्या. तिने घुंगरं पलंगावर ओळीने मांडली, प्रत्येकाला सेफ्टी पिन लावली आणि म्हणाली, "चारू, कितीची गाडी आहे रे?"

मग मी सांगितलं. राखीव दिवस, सरकलेल्या ओळी, तीन ईमेल, शेरा, पीआर, सगळं. सांगताना मला स्वतःलाच ते जरा क्षुल्लक वाटायला लागलं.

"बाबा, यू सिरियस आह?" क्षिप्रा ओरडली. "हू चेक्स? नोबडी चेक्स ला!"

नीता ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने एकेक घुंगरू उचलून पिशवीत टाकलं, पिशवीला गाठ मारली आणि ती पोह्यांच्या पाकिटाशेजारी ठेवली.

"असू दे," ती म्हणाली. "गॅलरीतून बघायची सवय आहे मला. इथे तर गॅलरीही नाही. पोहे भिजवू का?"

आयुष्यात बऱ्याच लोकांनी मला बरंच बोलून घेतलं आहे. पण त्या 'पोहे भिजवू का'ने मला जसं लागलं तसं आजवर काही लागलेलं नाही. मी नऊ पानं उचलली, चपला घातल्या आणि बाहेर पडलो. क्षिप्रा मागून धावत आली.

"बाबा, वेअर आर यू गोइंग?"

"परवानगी काढायला."

स्टेशनजवळ पोलीस चौकी होती. आत पन्नाशीचा एक पोलीस टापटीप गणवेशात बसला होता. क्षिप्राने भाषांतराचा फोन मध्ये धरला. तिने चेहरा दुसरीकडे वळवला होता.

"आपलं काय हरवलं आहे?" फोनने विचारलं.

"काही नाही."

"कोणी त्रास दिला का?"

"नाही. मला आज संध्याकाळी खोलीत विश्रांती न घेण्याची परवानगी हवी आहे."

पोलिसाने फोनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग हात पुढे केला. मी नऊ पानं दिली. त्याने ड्रॉवरमधून पट्टी काढली आणि पट्टी ओळीखाली धरत, पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली. फोन पानापानावर धरून क्षिप्राचे हात दुखायला लागले. माझं वेळापत्रक पूर्ण वाचणारा जगातला हा पहिला माणूस. माझे डोळे भरून आले, हे मी लपवत नाही. चौथ्या पानावर तो थांबला.

"त्या संध्याकाळी डोंगरावर धुकं होतं."

"हो."

"आपण पंचेचाळीस मिनिटं थांबलात?"

"लिहिलेलं होतं."

तो खुर्चीतून उठला आणि माझ्यासमोर किंचित वाकला. मीही वाकलो. मग मी त्याला सांगितलं की आज माझ्या पत्नीचा पन्नासावा वाढदिवस आहे, तिला आओमोरीत नाचायचं आहे, आणि मी दोन ओळी जास्त घातल्या. यावर तो बराच वेळ बोलला. फोनने त्याचं एवढंच केलं: "लवकर जा. पोशाख संपतात." त्याने सहाव्या पानाच्या मागे गाड्यांच्या वेळा सुवाच्य अक्षरात लिहून दिल्या.

"पण शिक्का?" मी विचारलं.

त्याने काचेतून स्टेशनकडे बोट दाखवलं.

स्टेशनात एका लाकडी टेबलावर साखळीने बांधलेला मोठा गोल शिक्का आणि शाईची गादी ठेवली होती. खिडकीतला कर्मचारी माझ्या हातातला कागद बघून हसला आणि त्याने गादी माझ्याकडे सरकवली. मी 'सहा ऑगस्ट: खोलीत विश्रांती' या ओळीवर शिक्का दाबला. एक जहाज आणि भोवती जपानी अक्षरं उठली. छातीवरचं ओझं उतरलं.

"बाबा, दॅट वन इज फॉर टूरिस्ट्स ला. स्मॉल किड्स कलेक्ट."

"शिक्का तो शिक्का," मी म्हणालो.

खोलीत आलो तेव्हा पोहे भिजलेले होते. मी नीतासमोर सहावं पान धरलं. तिने शिक्क्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"वेडा आहेस तू," ती म्हणाली. "किती वेळ आहे गाडीला?"

आओमोरीच्या दुकानात पोशाखाचे तीनच जोड उरले होते. एक नीताला बसला, एक क्षिप्राला. तिसरा माझ्यासाठी आणला. दुकानातल्या दोन बायकांनी दोन्ही बाजूंनी ओढून पाहिला, आपसात काही बोलल्या आणि घडी करून ठेवून दिला. माझ्या पोटाचा विचार करून तो शिवलेला नव्हता.

"तसाच चल रे," नीता म्हणाली. "एवढ्या गर्दीत कोण बघतंय?"

"पोशाखाशिवाय आत जायचं नाही, असा नियम आहे," मी म्हणालो. यावर त्या दोघी इतक्या हसल्या की दुकानातल्या बायकाही हसायला लागल्या.

मी फुटपाथच्या कडेला, एका जपानी आजींच्या शेजारी उभा राहिलो. अंधार पडला. ढोल आधी पायांत ऐकू आले. मग तो योद्धा कोपऱ्यावरून वळला, लाल, पिवळा, आतून पेटलेला, आणि त्याच्यापुढे उड्या मारणारी माणसं. "रास्सेरा, रास्सेरा!" माझी नजर नीताला शोधत होती. फुलांच्या टोप्यांत मला ती आधी दिसलीच नाही, कारण मी पन्नाशीची बाई शोधत होतो. मग दिसली. डावा पाय, उजवा पाय, टोपी कलंडलेली, घाम गालावरून वाहत असलेला, शेजारच्या अनोळखी मुलीचा हात धरलेला. मला माहीत नसलेली नीता होती ती, कुमठेकर रस्त्याच्या गॅलरीत सगळ्यांनी मिळून अडवून ठेवलेली. मला रडू आलं. आजींनी न विचारता रुमाल दिला.

तेवढ्यात नीताच्या अंगावरचं एक घुंगरू सुटलं आणि घरंगळत माझ्या बुटाशी आलं. मी ते उचललं आणि सवयीने मिरवणुकीच्या बाजूने धावत सुटलो. "नीता! तुझं घुंगरू पडलंय! नीता!" तिला ऐकू कुठलं येणार! आजींनी मागून येऊन माझी बाही धरली. मान जोरात हलवत त्यांनी माझी मूठ घुंगराभोवती मिटवली आणि वरून थोपटली. द्यायचं नसतं, सापडेल त्याने ठेवायचं असतं, शुभ असतं, हे मला क्षिप्राने नंतर वाचून दाखवलं.

परतताना विमानतळावर मी नऊ पानं हातात तयार ठेवली होती. अधिकाऱ्याने पासपोर्ट बघितला, मला बघितलं आणि पुढच्याला बोलावलं. मी पानं थोडी वर धरली. त्याने पुन्हा पुढच्याला बोलावलं.

घरी आलो त्या संध्याकाळी निशिकांत हजर झाले. मीनलवहिनींच्या भावाला जपानला जायचं होतं, त्याला माझं सुधारित एक्सेल हवं होतं. "राखीव दिवस कामाला आले ना?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं, आणि ते खोटं नव्हतं.

पण अपुरी फाइल पुढे पाठवणं मला जमत नाही. मी 'नियोजित'च्या शेजारी 'प्रत्यक्ष' असा रकाना काढला आणि एकेक ओळ भरत गेलो. खालून अंकल कोह आले होते. "सो, मॅडम, जंप ऑर नॉट?" ते विचारत होते, आणि नीता त्यांना स्वयंपाकघरात उड्या मारून दाखवत होती. कपाटातली भांडी वाजत होती. मी सहा ऑगस्टच्या ओळीवर आलो. नियोजित: खोलीत विश्रांती.

खिशातलं घुंगरू मी कीबोर्डशेजारी ठेवलं आणि प्रत्यक्षच्या रकान्यात लिहिलं: नीता नाचली. मी कडेला उभा राहून बघितलं.